सुरुंग काढणाऱ्याचे पदक

प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी वटारला धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचव्या आज्ञेचे विवेचन चालू होते. मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. "फादर, दिल्लीच्या संचलनात ज्यांच्या छातीवर मेडल होते, त्यांना ते माणसे मारल्याबद्दलच दिले ना?" मुले हसली; मला मात्र हसू आले नाही. आमच्या कुटुंबांत 'मेडल' म्हटले की गळ्यातील पवित्र मातेचे पदक आठवते. प्रथम कम्युनिअनच्या दिवशी आजी ते नातवाच्या गळ्यात घालते. तोच शब्द रणांगणाशी जोडलेला पाहून ते पोर गोंधळले असेल, तर त्यात त्याचा काय दोष? त्याला मी जी हकिकत सांगितली, तीच येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण धड झाले नाही. १९३० च्या सुमारास हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला जाऊ लागला, तेव्हा सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांनी धास्तावून कुटुंबाला गावी परत आणले. पुढे १० जुलै १९४० रोजी हाच तरुण बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे खडकीच्या 'बॉम्बे सॅपर्स'मध्ये, साधा सैनिक म्हणून दाखल झाला.

सॅपर म्हणजे सैन्यातील गवंडी, सुतार, पूल बांधणारा आणि सुरुंग काढणारा. बंदूक त्याच्याजवळ असते, पण त्याचे खरे काम हातांचे. ब्रह्मदेशातील माघारीच्या वेळी बुथिदौंग येथे दोन तुकड्यांनिशी मागे राहून लष्करी साहित्य नष्ट करण्याची जबाबदारी राणे यांच्यावर आली. त्यांना परत नेण्यासाठी नौदलाच्या नौका यायच्या होत्या, तो बेत फसला. जपानी पहारे चुकवीत, नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे सुखरूप परत आणली. त्यांना हवालदाराची बढती मिळाली. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले, आणि चारच महिन्यांनी काश्मीरच्या युद्धात नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर उभे राहिले.

'सुरुंग' हा शब्द आपणा वसईकरांना परका नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने आपल्या किल्ल्याच्या सां सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग ठासले होते. त्यांपैकी काही उशिरा उडाले आणि ज्यांनी ते ठासले त्यांचेच लोक त्यांत मेले. सुरुंगाला शत्रू-मित्र कळत नाही. राजौरीच्या रस्त्यात पेरलेले सुरुंग निराळ्या जातीचे होते, मातीखाली दबा धरून बसणारे. पण स्वभाव तोच.

८ एप्रिल १९४८ रोजी ४ डोग्रा पलटणीने बरवाली टेकडी घेतली. पुढे रणगाडे न्यायचे, तर रस्ता मोकळा हवा होता. राणे आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतील त्यांचे सहकारी सुरुंग काढू लागताच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. जखम बांधून ते कामाला लागले.

पुढील तीन दिवसांचा क्रम मानपत्रात तासागणिक नोंदलेला आहे आणि तो मला कोणत्याही वीररसाच्या वर्णनापेक्षा अधिक बोलका वाटतो. ९ तारखेला एकामागून एक अडथळे: आडवी पाडलेली पाइनची झाडे, उडवून दिलेली मोरी, वरून मशीनगनचा मारा. संध्याकाळी समोर पाच प्रचंड झाडे आणि त्यांभोवती सुरुंग. अंधार पडल्यावर काम थांबले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा सुरू झाले आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत अन्न नाही, विसावा नाही. ११ तारखेला सकाळी अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तेथे थांबता आले असते, पण पुढचा रस्ता साफ करण्यासाठी राणे रात्री दहापर्यंत खपत राहिले. आणखी एक गोष्ट सांगतात: सुरुंगांच्या पट्ट्यात ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत राहिले आणि दोरीच्या ओढीने चालकाला 'थांब', 'चल' अशा खुणा करीत गेले. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

मुलापासून मी काही लपवले नाही. या आगेकुचीत शत्रूची सुमारे पाचशे माणसे मारली गेली, असे तेच मानपत्र सांगते. आणि चिंगस ते राजौरी दरम्यानच्या अनेक नागरिकांचे प्राण वाचले, असेही सांगते. दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी आहेत. एक खोडून दुसरे वाचण्याचा अधिकार धर्मगुरूला आहे असे मला वाटत नाही. पदक मात्र या माणसाच्या हातांना मिळाले, आणि ते हात त्या चार दिवसांत जमिनीतून मरण उपसून काढीत होते.

राणे यांचे परमवीर चक्र २१ जून १९५० रोजी जाहीर झाले. आजवर हे चक्र मिळालेल्या २१ जणांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले; जिवंतपणी ते छातीवर लावणाऱ्या सात जणांत राणे आहेत. जांभळ्या फितीला लटकणारे हे कांस्याचे छोटे वर्तुळ घडवले एका स्त्रीने, आणि तिची कथाही सांगण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १९१३ मध्ये जन्मलेली ईव्ह इव्होन. वडील हंगेरियन, आई रशियन. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून ती सावित्रीबाई झाली, मराठी व संस्कृत शिकली आणि महाराष्ट्राच्या संतांवर तिने इंग्रजीत पुस्तक लिहिले. पदकावर तिने चार वज्रे कोरली. वज्र बनावे म्हणून दधीची ऋषींनी आपली हाडे दिली, ती कथा तिच्या मनात होती. स्वतःचा देह इतरांसाठी देण्याची ही कल्पना आपणा ख्रिस्ती वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. सेवाकाळात रणवृत्तांत त्यांचा पाच वेळा गौरवपूर्ण उल्लेख झाला होता. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.

पुतळा आणि बेट यांत त्या मुलाला फारसा रस दिसला नाही. वर्ग सुटल्यावर तो माझ्यामागून आला आणि म्हणाला, "फादर, तो रस्ता अजून आहे का?"

आहे. जम्मूहून नौशेरा, चिंगस आणि राजौरीवरून पूंछकडे जाणाऱ्या गाड्या आजही त्याच बाजूने धावतात.