टेलरसाहेबांचा ताप

परदेशांत आजारी पडणें म्हटलें म्हणजे विलायतेच्या धुक्यांत, खाणावळीच्या खोलींत घोंगडी पांघरून पडलेला एखादा हिंदी विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज मी श्रोत्यांस उलट दिशेच्या एका प्रवाशाची हकीकत सांगणार आहें. त्याचा परदेश म्हणजे आपलें नळदुर्ग, आपलें तुळजापूर, आपला धाराशिव जिल्हा. त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर. पेंढाऱ्यांच्या आणि ठगांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना हें नांव ठाऊक असतें. परंतु त्या ग्रंथांमागें तापानें फणफणलेलें एक शरीर होतें, याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं.

टेलर यांचा जन्म १८०८ सालीं लिव्हरपूल येथें झाला. वयाच्या पंधराव्या वर्षीं ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करण्यासाठीं निघाले. सुएझचा कालवा त्या वेळीं नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजास चार-पांच महिने लागत. एवढा प्रवास करून मुलगा मुंबईस उतरला तों व्यापाऱ्याचाच धंदा डबघाईला आलेला! तेव्हां १८२४ सालीं निजामाच्या फौजेंत मिळालेली जागा त्यांनीं आनंदानें पत्करली. ते कंपनी सरकारचे नोकर नव्हते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांचें सारें आयुष्य एका हिंदी संस्थानाच्या चाकरींत गेलें, आणि येथील भाषा व येथील माणसें त्यांनीं ज्या आस्थेनें जाणून घेतलीं ती आस्था कंपनीच्या पुष्कळ अधिकाऱ्यांत दिसत नाहीं.

आतां तापाकडे वळूं. त्या काळीं हिंवताप कशानें येतो हें कोणालाच माहीत नव्हतें. युरोपांतील वैद्यांनीं त्या रोगास जें नांव दिलें त्याचा अर्थच मुळीं 'वाईट हवा' असा आहे. आपल्याकडे अमक्या गांवचें पाणी लागलें, तमक्या गांवची हवा बाधली असें म्हणत. साहेबांचें मतही फारसें निराळें नव्हतें. दलदलीचा, रानाचा, पावसाळ्यानंतरच्या ओल्या जमिनीचा वाफारा अंगांत शिरतो व ताप येतो, अशी समजूत होती. कोयनेलचें सत्त्व १८२० सालीं वेगळें काढण्यांत आलें होतें. पण सिंकोनाचीं झाडें निलगिरीवर लागलीं तीं १८६० नंतर. तोंपर्यंत हें औषध महाग आणि दूरचें. मग खात्रीचा उपाय एकच उरे, तो म्हणजे हवापालट. साहेब लोक महाबळेश्वरीं जात, केपला जात, आणि त्यानेंही भागलें नाहीं तर स्वदेशीं जात. म्हणजे प्रवासामुळें आजार आणि आजारामुळें पुन्हां प्रवास, असें तें चक्र होतें. आखलेले बेत मोडणें ही त्यांच्या दृष्टीनें आपत्ति नव्हती. वैद्याच्या चिठ्ठींतच तें लिहिलेलें असे.

टेलर यांचा बेत असा पहिल्यांदा मोडला तो १८३८ च्या सुमारास. तरुणपणीं पोलिस खात्यांत काम करतांना ठगांच्या टोळ्यांविषयीं त्यांच्या कानांवर बरेंच आलें होतें. पुढें पकडलेल्या ठगांचे कबुलीजबाब त्यांनीं स्वतः ऐकले. प्रकृतीसाठीं रजा घेऊन ते इंग्लंडांत गेले आणि १८३९ सालीं त्या कबुलीजबाबांवर रचलेली त्यांची कादंबरी लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली हा ठग. पुस्तक अतिशय गाजलें. प्रकृति धडधाकट राहती तर हा अधिकारी त्या वर्षांत कोठें तरी पलटणीच्या छावणींत हजेरी घेत बसला असता.

१८४० सालीं ते परत आले. पुढें शोरापूरच्या अल्पवयी राजाचा कारभार त्यांनीं पाहिला, आणि १८५३ सालीं त्यांचा आपल्या भागाशीं खरा संबंध जडला. त्या वर्षीं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायीं निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला. त्यांतील पश्चिमेकडचा, म्हणजे नळदुर्गचा कारभार टेलर यांच्याकडे आला. जमिनीच्या साऱ्याची त्यांनीं जी नवी आकारणी बसविली ती रयतेस न्याय्य आणि सरकारासही अधिक उत्पन्नाची ठरली. दोन्ही पक्ष एकाच आकारणीनें सुखी व्हावेत हा योग आपल्या महसुलाच्या इतिहासांत विरळाच!

ज्यांनीं नळदुर्ग पाहिला आहे त्यांना तेथील पाणी विसरतां येणार नाहीं. बोरी नदीवर आदिलशाहींत १६१३ च्या सुमारास बांधलेला तो दगडी बंधारा, त्याच्या पोटांतला पाणीमहाल, पावसाळ्यांत डोक्यावरून प्रपात कोसळत असतां आंत कोरडी राहणारी ती खोली, आणि नर-मादी म्हणून ओळखले जाणारे ते दोन धबधबे. कर्तबगार आदिलशाही कारागिरांनीं पाणी अडविलें तें किल्ल्याच्या संरक्षणासाठीं व सुलतानाच्या विश्रांतीसाठीं. त्याच जातीच्या सांचलेल्या पाण्याच्या कांठीं हिंवतापाचें मूळ जन्म घेतें, अशी शंका ना बांधणाऱ्यांस आली, ना तेथें राहणाऱ्या टेलरना.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. नळदुर्गाहून जवळच तुळजाभवानीचें ठाणें. नवरात्रांत आणि कोजागिरीस कोसोकोस चालत, बैलगाड्यांतून, कुलस्वामिनीच्या दर्शनास माणसें येत. त्यांतही वाटेंत ताप येणारे, पटकीनें गांठलेले असत. नवस बोललेला, तिथि ठरलेली, शिधा मोजका. त्यांना रजा कोण देणार? घरचीं माणसें आजाऱ्यास गाडींत निजवीत, अंगारा लावीत आणि बैल पुढें हांकीत. दुखण्यापुढें बेत बदलतां येणें ही सुद्धां एक मिळकत आहे. ती टेलर यांच्यापाशीं होती, त्यांच्या रयतेपाशीं नव्हती. टेलर यांच्या नांवें आज जीं पुस्तकें आहेत तशीं त्या यात्रेकरूंचीं नाहींत, याचें एक कारण हेंही असावें.

१८५७ च्या धामधुमींत टेलर यांस नळदुर्गाहून वऱ्हाडांत पाठविण्यांत आलें. हाताशीं लष्कर नसतांना तो मुलूख त्यांनीं शांत ठेवला. परंतु शरीर आंतून खचलें होतें. १८६० सालीं ते पेन्शन घेऊन स्वदेशीं गेले. त्याच सालीं नळदुर्गचा मुलूखही निजामाकडे परत गेला. कारभाराचें दार बंद झालें, तेव्हां त्यांनीं पुन्हां लेखणी उचलली. १८६३ सालीं 'तारा' ही कादंबरी निघाली. तारा ही तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी. भवानीचें देऊळ, घाटाखालचें गांव आणि त्यावर चालून येणारा अफझलखान, हें सारें त्यांत आहे. शंभर-शंभर वर्षांच्या तीन पायऱ्या साधाव्या म्हणून त्यांनीं पहिलें साल १६५७ धरलें. खानाचा वध प्रत्यक्षांत १६५९ सालचा. इतिहासकार याबद्दल त्यांना क्षमा करणार नाहीं. पण तुळजापूरच्या पायऱ्या इंग्रजी वाचकांच्या दिवाणखान्यांत नेऊन ठेवणारा हा ग्रंथ आहे, आणि तो नळदुर्गच्या कचेरींत बसून नव्हे तर सक्तीच्या विश्रांतींत लिहिला गेला. त्यामागून १७५७ आणि १८५७ या सालांवरील आणखी दोन कादंबऱ्या आल्या. हिंदुस्थानच्या इतिहासाचें विद्यार्थ्यांसाठीं एक पुस्तकही १८७० सालीं झालें.

१८७५ सालीं त्यांची दृष्टि गेली. वैद्यांनीं सल्ला दिला कीं हिंवाळा हिंदुस्थानांत काढावा. ज्या देशाच्या हवेपासून पळून दोनदां विलायत गांठली, त्याच देशाची हवा आतां औषध म्हणून! आणि टेलर निघालेही. मार्ग आतां सोपा झाला होता. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला होता, मुंबईहून हैदराबादेपर्यंत आगगाडी धांवत होती. पंधरा वर्षांच्या मुलानें महिनोगणती काढलेला जलप्रवास सदुसष्टीकडे झुकलेल्या आंधळ्या गृहस्थास कांहीं आठवड्यांत उरकतां आला. पण येथें आल्यावर रानतापानें त्यांना पुन्हां गांठलें. या खेपेस बेत बदलण्यास फारसा वावच नव्हता. प्रकृति सुधारावी म्हणून केलेला प्रवास सोडून, तशाच स्थितींत ते परत फिरले.

यानंतर एकवीस वर्षांनीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, निजामाच्याच राज्यांत सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस एका डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले. वाईट हवेची कल्पना तेथें संपली.

टेलर मात्र घरीं पोंचले नाहींत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, इटलीच्या सीमेलगत मांतों नांवाचें गांव आहे. चांगल्या हवेसाठीं आजारी लोक तेथें येऊन राहत. त्या गांवीं १३ मे १८७६ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें आत्मचरित्र दुसऱ्या वर्षीं त्यांच्या कन्येनें प्रसिद्ध केलें, आणि चांदबिबीवरची त्यांची शेवटची कादंबरी १८७८ सालीं छापून निघाली.