पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजाचीं नांवें व दौंडकडील जुने कागद

खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचें पाणी पुणें ओलांडून दौंड तालुक्यांत पाटसपर्यंत येतें. आणि खुद्द दौंडचें महत्त्व इ. स. १८७८ मध्यें मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यानें वाढलें. कालवा व रेल्वे यांवर ज्यांच्या वडिलांआजोबांनीं नोकरी केली, त्या घरांतील पेट्यांत सनदा व खतें यांच्याखालीं इंग्रजी दाखले, नकाशे व मोजणीच्या वह्या निघाव्या यांत नवल नाहीं. मोडी नाहीं एवढ्याच कारणास्तव संग्राहक असले कागद बाजूस सारतात व ते रद्दींत जातात. वस्तुतः पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजाचा पूर्वक्रम ठाऊक असल्यास साल नसलेल्या कागदाचाहि काळ बराचसा ठरवितां येतो.

ही संस्था जुलै १८५४ मध्यें 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नांवानें निघाली. इमारती, धरणें, कालवे, लोहमार्ग व पूल यांवर देखरेख करणारे दुय्यम नोकर तयार करावे, एवढाच सरकारचा हेतु होता. तेव्हां या काळच्या कागदावर पदवी शोधणें व्यर्थ होय. पुढें ५ ऑगस्ट १८६५ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांनीं मुळा-मुठेच्या संगमानजीक नव्या इमारतीची कोनशिला बसविली. १८६६ मध्यें संस्था मुंबई विद्यापीठास जोडली जाऊन 'सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज' झाली व एल. सी. ई. ही पदवी मिळूं लागली. कॉलेजाचा जन्म येथूनच धरावा असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. पदवी नवी आली. पण कालवे व पूल बांधणारीं माणसें तयार करण्याचें काम जुनेंच होतें.

खरा घोटाळा तिसऱ्या नांवाचा. १८७९ मध्यें शेतकी व जंगल या विषयांचे वर्ग निघाले आणि १८८० पासून 'कॉलेज ऑफ सायन्स' हें नांव पडलें. तें वाचून यादी करणारा हा कागद दुसऱ्याच कॉलेजाचा समजतो! त्या वेळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक हे स्थापत्याचे जाणकार; तथापि त्यांची कीर्ति राहिली ती १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथामुळें. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या याच कॉलेजाचे एल. सी. ई. त्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढें खडकवासल्याच्या धरणास बसले व सांडव्याच्या माथ्यावर अधिक पाणी अडूं लागलें. पाटसकडे येणाऱ्या पाण्याशीं या कॉलेजाचा संबंध असा प्रत्यक्ष आहे.

१९११ मध्यें नांवांत पुनः 'इंजिनियरिंग' आलें. त्याच सुमारास एल. सी. ई. जाऊन बी. ई. रूढ झाली. १९१२ मध्यें यांत्रिकी, १९३२ मध्यें विद्युत्, १९४६ मध्यें दूरसंचार व १९४८ मध्यें धातुशास्त्र असे अभ्यासक्रम क्रमानें वाढले. पुणें विद्यापीठ १९४९ मध्यें निघालें. तत्पूर्वींच्या पदवीपत्रावर मुंबईचेंच नांव असावयाचें. २०२२ पासून ही संस्था स्वतःच विद्यापीठ आहे.

सबब असा कागद हातीं आल्यास प्रथम संस्थेचें नांव, मग पदवी व शेवटीं विद्यापीठ पाहावें. आणि तो कोणत्या गांवीं, कोणत्या कागदांच्या सोबतीनें मिळाला, हेंहि त्याच वेळीं लिहून ठेवावें.