प्रमाणपत्रानंतरची शाळा

एकदा मिळविलेली विद्या जन्मभर पुरते, अशी आपल्या जुन्या घराण्यांतून समजूत आहे. हौशी बागकामासारख्या साध्या विषयात अमेरिकेने ही समजूत बाजूस सारली. त्याचा इतिहास आपणा वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

तेथे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांतील कृषिसंशोधन लोकांच्या दारी नेणारी विस्तारसेवा देशभर उभी राहिली. तिचा रोख मुख्यतः शेतकऱ्यांकडे होता. पुढे वॉशिंग्टन राज्यात सिएटल आणि टकोमा ही शहरे वाढली, घरोघर बागा झाल्या आणि झाडांच्या रोगकिडींविषयी विचारणा करणाऱ्या नागरिकांना उत्तरे देताना विस्तार अधिकाऱ्यांची दमछाक होऊ लागली. तेव्हा डेव्हिड गिबी व बिल शीर या अधिकाऱ्यांनी एक तोडगा काढला. विद्यापीठाने हौशी मंडळींना शिकवावे आणि त्यांनी त्याची परतफेड म्हणून लोकांचे शंकानिरसन करावे. १९७२ मध्ये टकोमा येथील एका बाजारसंकुलात सल्लाकेंद्र मांडून लोकांचा प्रतिसाद अजमावण्यात आला व १९७३ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. जर्मन भाषेतील ‘गार्टनमायस्टर’ या पदवीवरून या स्वयंसेवकांना ‘मास्टर गार्डनर’ हे नाव मिळाले. पुढे ही योजना अन्य राज्यांतही पसरली.

या योजनेतील आम्हांस विशेष वाटणारी गोष्ट निराळीच आहे. येथील प्रमाणपत्र कायमचे नसते. अनेक राज्यांत स्वयंसेवकाला दरवर्षी ठरावीक तास सेवा द्यावी लागते आणि शिवाय सुमारे १० तास नवे शिक्षण घ्यावे लागते. तसे न केल्यास विद्यापीठाच्या नावाने सल्ला देण्याचा अधिकार राहत नाही.

हा नियम कडक वाटेल, परंतु त्यामागे सबळ कारण आहे. छाटलेल्या फांदीच्या जखमेवर रंग किंवा डांबर फासावे, असे पूर्वी सर्वत्र सांगत. अमेरिकन वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे चिरून पाहिली आणि अशा लेपाने कूज थांबत नाही, हे दाखवून दिले. डायझिनॉन हे कीटकनाशक एके काळी तेथील घरबागांत सर्रास वापरले जाई. २००४ अखेर त्याची घरगुती वापरासाठीची विक्री बंद झाली. १९७३ चीच वही उघडून बसलेला स्वयंसेवक अत्यंत सद्भावनेने शेजाऱ्याच्या परसात विष टाकावयास सांगेल. आम्ही शासकीय सेवेत आयुष्य घालविले. रद्द झालेल्या परिपत्रकाच्या आधारे केलेली टिप्पणी कितीही सुवाच्य असली तरी निरुपयोगी ठरते, हे आम्ही जाणतो.

आमच्या वडोदऱ्याला असा धडा परका नाही. १८७९ मध्ये सयाजीबाग उभारणाऱ्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण करून गावोगावी ग्रंथालये पोहोचविली. शाळा सुटलेल्या माणसाचे वाचन सुटू नये, हा त्यामागील हेतू होता.

आज आपल्या वसाहतींतून निवृत्त मंडळी आवडीने झाडे लावतात आणि पुढच्या पिढीला चार गोष्टी सांगतात. त्यांनी वर्षाकाठी १० तास एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या अध्यापकांसमोर विद्यार्थी म्हणून बसावे. आपल्या मंडळांनी या पावसाळ्यापूर्वीच असा एक वर्ग भरवावा आणि त्याच्या पहिल्या बाकावर ज्येष्ठांना मानाने बसवावे.