तथागतांची पाठ आणि आपल्या माता-भगिनी

ध्यानवर्गाला बोलावलं की आपल्या दापोडीतल्या कितीतरी माता-भगिनी एकच सांगतात, "मांडी घालून बसवत नाही हो, पाठ धरते." पाण्याचे हंडे, चार घरची धुणीभांडी, बांधकामावरची घमेली यांत झिजलेली ती पाठ. मग त्या घरीच राहतात. वास्तविक इतिहास त्यांच्याच बाजूने आहे.

मज्झिम निकायातील सेख सुत्त पाहावे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर तथागतांनी आनंदाला सांगितले, की पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग. आणि चौपदरी संघाटी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले, पण स्मृती जागी ठेवून. भर सभेत! त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दुखण्याला बाणाची उपमा आहे. शरीराला लागतो तो पहिला बाण. "आता माझं कसं होणार" हा मनाला लागणारा दुसरा. स्मृतीच्या अभ्यासाने हा दुसरा बाण टाळता येतो.

१९७९ साली आपल्याकडे त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाची स्थापना झाली. योगायोग असा, की त्याच साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात स्मृतिसाधनेचे वर्ग सुरू केले. डॉक्टरी उपाय थकलेले रुग्ण तिथे येत. पुढे याच महासंघाच्या धम्मचारिणी विद्यामाला बर्च यांनी २००४ मध्ये इंग्लंडात 'ब्रेथवर्क्स' ही संस्था काढली. त्यांचा स्वतःचा कणा सोळाव्या वर्षी दुखावला, तेविसाव्या वर्षी मोटार अपघातात पुन्हा. ज्याची पाठ दुखते तोच हे शिकवू शकतो, असे मला वाटते.

२०१६ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ३४२ जणांवर, त्यात २२४ स्त्रिया, केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, साधना शिकलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या वर लोकांची रोजची कामे बऱ्यापैकी सुधारली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. दुखणे नाहीसे झाले असे कुणी म्हणत नाही.

साधनाही सोपी. चटईवर उताणे पडावे, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, श्वासाबरोबर पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव लक्षात घ्यावा. दुखऱ्या जागेशी भांडू नये. मात्र पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर चटई नको, तडक दवाखाना.