डोळस भाला आणि समुद्राचा कायदा

समुद्रातील मासा कोणाच्या मालकीचा? हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. परंतु कायद्याच्या इतिहासात तो फार जुना आहे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथात त्याचे उत्तर दिलेले आढळते. रानातील श्वापदे, आकाशातील पाखरे आणि पाण्यातील मासे हे मुळात कोणाचेच नसतात. जो त्यांना पकडील तो त्यांचा धनी. ह्या तत्त्वाची छाप युरोपीय कायद्यावर शतकानुशतके राहिली. त्यामागे एक गृहीत दडलेले होते : समुद्र अक्षय आहे, माणसाने कितीही काढले तरी तो उणा होणार नाही.

हे गृहीत ढासळू लागले तेव्हा राज्यकर्त्यांनी दोन प्रकारे बंधने घातली. पहिले बंधन साधनावर. आपल्याकडे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली, ती ह्या प्रकारची. दुसरे बंधन जातीवर : अमुक मासा मारूच नये. ही दोन्ही बंधने एकत्र कशी आली, आणि केवळ करमणुकीसाठी मासे मारणाऱ्याच्या हातातील भाल्याकडे कायदा अधिक कठोरपणे का पाहू लागला, ह्याचा बोधप्रद इतिहास ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ह्या राज्यात घडला. तोच येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

भाल्याने मासे मारणे ही मानवाची अतिप्राचीन विद्या. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी काठावरून वा होडीतून भाल्याने मासे टिपत आले आहेत. परंतु पाण्याखाली बुडी मारून, डोळ्यांवर काच चढवून करमणुकीसाठी मासे मारण्याचा खेळ विसाव्या शतकातला. १९३० नंतर फ्रान्सच्या भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर तो रुजला, आणि गाय गिलपॅट्रिक ह्या अमेरिकन लेखकाने १९३८ साली त्यावर पुस्तकच लिहिले. महायुद्ध संपल्यावर हा खेळ ऑस्ट्रेलियात झपाट्याने पसरला. १९४८ साली न्यू साउथ वेल्समध्ये भालाधारी पाणबुड्यांची संघटना स्थापन झाली. रबराच्या ताणावर भाला सोडणाऱ्या बंदुका आल्या, स्पर्धा भरू लागल्या, मारलेल्या माशांवरून गुण मिळू लागले. कोळ्याच्या जाळ्यामागे कुटुंबाचे पोट असते. येथे भाल्यामागे हौस होती.

ह्या हौसेचे दोन मोठे बळी ठरले. पहिला बळी ग्रे नर्स नावाचा शार्क. आपले कोळी बांधव ज्याला मुशी म्हणतात त्याच कुळातला हा मासा तीन मीटरच्या आसपास वाढतो. त्याचे अणकुचीदार दात तोंड मिटलेले असतानाही बाहेर दिसतात. ह्या दातांनीच त्याचा घात केला. सिडनीच्या परिसरात पोहणाऱ्यांवर हल्ला झाला की आळ ह्याच्यावर येई. वास्तविक तो मंद स्वभावाचा, खडकांमधील वाळूच्या घळीत संथपणे तरंगणारा, माणसाने डिवचल्याखेरीज त्याच्या वाटेला न जाणारा प्राणी आहे. पण नरभक्षक म्हणून नाव झाले, आणि त्याला मारणे हे शौर्य ठरले. विशेषतः १९५० ते १९७० ह्या काळात भाल्याच्या टोकाला बंदुकीचे काडतूस बसवून अगदी जवळ जाऊन त्याला ठार करण्याची प्रथा पडली. तो पळत नसे. त्यामुळे शिकाऱ्याला फारसे कौशल्यही लागत नसे.

ह्या माशाची वीण अतिशय संथ आहे. मादीला दोन गर्भाशये असतात. प्रत्येकात जे पिल्लू आधी वाढते ते आपल्या भावंडांना आणि उरलेल्या अंड्यांना गर्भातच खाऊन टाकते. अखेर दोनच पिल्ले जन्मतात, आणि तीही साधारण दोन वर्षांतून एकदा. अशा माशाची संख्या एकदा घटली की ती भरून यायला पिढ्या जातात. १९८४ साली न्यू साउथ वेल्सने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. जगात कायद्याने संरक्षण मिळालेला हा पहिला शार्क मानला जातो. तरीही २००१ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील वंशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. कारण भाला थांबला तरी गळ आणि किनाऱ्यालगतची शार्कप्रतिबंधक जाळी थांबली नव्हती.

दुसरा बळी निळा ग्रोपर. आपल्याकडच्या गोब्र्याशी त्याचे नाव जुळते, पण कुळ निराळे. खडकाळ किनाऱ्याजवळ राहणारा, समुद्री साळू फोडून खाणारा हा मासा जन्मतः मादी असतो, रंगाने तपकिरी. पुढे काहींचे नरात रूपांतर होते आणि रंग गडद निळा होतो. तो एकाच जागी वर्षानुवर्षे राहतो, पाणबुड्याला पाहून भीत नाही. उलट कुतूहलाने जवळ येतो, पाठोपाठ फिरतो. भाला असलेल्या माणसापुढे हा गुण प्राणघातक ठरला. माशांची संख्या इतकी घसरली की १९६९ साली राज्य सरकारने तो पकडण्यावर संपूर्ण बंदी घातली. १९७४ साली गळाने पकडण्याची मुभा पुन्हा मिळाली. भाल्याची बंदी मात्र कायम राहिली. १९८० साली त्याची विक्रीही बंद झाली. १९९८ मध्ये तर तो राज्याचे मानचिन्ह ठरला.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल : तोच मासा, तोच समुद्र, मग गळाला परवानगी आणि भाल्याला मनाई, हा कोणता न्याय? भालेवाल्यांचाही हाच आक्षेप होता, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणत, आमचे साधन सर्वांत निवडक आहे. जाळ्यात नको ते मासे येतात, गळाला काय लागेल ते आधी कळत नाही. आम्ही मात्र पाहून मारतो, एका श्वासात मिळेल तेवढेच मारतो. त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यानेही त्यांचा खेळ बंद केला नाही. श्वसनयंत्र लावून भाला वापरू नये, काडतुसाचे टोक नको, रात्री दिव्याच्या उजेडात शिकार नको, अमुक जाती नकोत, एवढीच चौकट घातली.

परंतु त्या युक्तिवादातच त्याचे उत्तरही आहे. जाळे आंधळे असते; भाला डोळस असतो. जाळे टाकणाऱ्याला पाण्याखालचे दिसत नाही, म्हणून त्याच्या हातून झालेल्या चुकीला क्षमेचा अवकाश असतो. भाला सोडणाऱ्याने मासा पाहिलेला असतो, ओळखलेला असतो, नेम धरलेला असतो. संरक्षित मासा त्याच्या भाल्याला अपघाताने लागला हे म्हणणे सहसा टिकत नाही. शिवाय जो मासा विश्वासाने जवळ येतो तोच आधी मरतो. म्हणूनच जबाबदारीचे माप येथे मोठे असावे लागते.

हे सत्य प्रथम ओळखणाऱ्यांत काही भालेवालेच होते, हे नमूद केले पाहिजे. रॉन टेलर ह्यांनी १९६५ साली ताहिती येथे भाल्याने मासे मारण्याचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांच्या पत्नी व्हॅलेरी ह्याही ऑस्ट्रेलियाच्या विजेत्या. कीर्तीच्या शिखरावर असताना ह्या दांपत्याने भाला खाली ठेवला आणि कॅमेरा हाती घेतला. ज्या शार्कला लोक राक्षस समजत होते त्याचे खरे रूप त्यांनी चित्रपटांतून दाखवले, आणि ग्रे नर्सच्या संरक्षणासाठी ते जाहीरपणे झटले. माशाला सर्वांत जवळून पाहणारा त्याचा साक्षीदारही होऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

कायदा झाला म्हणून प्रश्न मिटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सिडनीच्या दक्षिणेकडील क्रोनुला येथे, स्थानिकांच्या ओळखीचा आणि जिव्हाळ्याचा झालेला एक निळा ग्रोपर भाल्याने मारला गेला. मारणाऱ्याला पाचशे डॉलरचा दंड झाला. कायद्यात ह्याहून कितीतरी कठोर शिक्षेची तरतूद असल्याने लोक संतापले. परिणामी २०२४ मध्ये सरकारने गळासह सर्व मार्गांनी हा मासा पकडण्यास, प्रारंभी एका वर्षासाठी, बंदी केली. एका हौशी माणसाच्या भाल्यामुळे पन्नास वर्षे नियम पाळून गळ टाकणाऱ्यांचाही हक्क गेला.

आपल्या किनाऱ्यावर ही हौस रुजलेली नाही; आपला प्रश्न जाळ्याचा आहे. २००१ साली व्हेल शार्क, करवतमासा आदी जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आल्या. ज्या जाळ्यावर घर चालते त्यात असा मासा शिरला, तर त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि नुकसान कोळ्याचे होते. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली, संरक्षित प्राणी जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. आंधळ्या साधनाला शिक्षेचा धाक एकटा पुरत नाही, त्याला हात द्यावा लागतो, हे शहाणपण त्यात आहे.

दोन किनाऱ्यांचे हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले की न्यायाचा धागा एकच दिसतो. पोटासाठी टाकलेले जाळे आणि हौसेसाठी रोखलेला भाला ह्यांना एका तराजूत तोलता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याला मदत करावी. ज्याला दिसते त्याने हात आवरावा. आणि ज्याने कायद्याची वाट न पाहता तो आधीच आवरला, त्याचे ऋण समुद्राने नव्हे, तर आपण मानले पाहिजे. कारण आपल्या नातवंडांना जे मासे पाहायला मिळतील, त्यांतील काही त्याच्यामुळे उरलेले असतील.