खांड

आमच्या घरात तुफानाच्या गोष्टी वाऱ्यापासून सुरू होत नसत, बांधापासून होत. धरमतरच्या खाडीकाठी, खारेपाटात आमचं गाव. बाहेरकाठ्याच्या मातीच्या बांधापलीकडे भरतीचं पाणी, अलीकडे भातशेती. बांधाला भगदाड पडलं की ती खांड. ‘खांड गेली!’ अशी हाळी आली की घरटी एक माणूस पेंढा-फाटी घेऊन धावत सुटे. जो गेला नाही त्याचं नाव वर्षभर गावाच्या तोंडी.

आजोबांचं मोठं तुफान म्हणजे नोव्हेंबर १९४८ मधलं असावं. तेव्हा मुंबईच्या उत्तरेला वादळ किनाऱ्यावर चढलं होतं. भात उभं होतं की खळ्यावर आलं होतं, यावर त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं कधी एकमत झालं नाही. माशांबद्दल मात्र दोघे एका सुरात बोलत. खांड गेली, खाडी शेतात आली आणि ओहोटी लागली तशी खाचरांत बोयी, कोलंबी, निवटे अडकून राहिले. जिताडी तर पायांनी चाचपून धरली म्हणे, मांडीएवढी. वर्षागणिक ती मांडी जाड होत गेली.

आजी हे ऐकून घेई आणि मग आपली बाजू सांगे. मासे आठ दिवस पुरले, नंतर वास सुटला. गोड्या पाण्याचं तळं खारं झालं, पुढची दोन-तीन वर्षं त्या खाचरांत भात धरलं नाही. माझा कल आजीकडे आहे. साचलेल्या पाण्यात पेंढा, पाला, मेलेलं गवत कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. वर तोंड काढणारा मासा मग मेजवानी देत नसतो, गुदमरत असतो. त्यात वादळी पावसाने खाडी एकाएकी गोडी होते. पोहणारी मासळी खारं पाणी गाठते, खडकाला चिकटलेल्या कालवांनी कुठे जायचं? जिताड्याला मात्र दोन्ही पाणी चालतं. तो गोड्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो. लहानपणी तो नर असतो, थोराड झाला की बहुधा मादी होतो. म्हणजे आजोबांच्या त्या मांडीएवढ्या जिताड्यांत पुढच्या पिढीच्या आयाच जास्त असणार. हे त्यांना सांगायची सोय आता उरली नाही.

त्यांची एक गोष्ट मात्र मी थाप समजत असे. तुफानाच्या आदल्या भरतीला बोक्षीचं जाळं रिकामं आलं, मासळीला आधीच कळलं होतं, असं ते सांगत. पण २००१ मध्ये फ्लोरिडाच्या टेरा सिया उपसागरात असंच दिसलं. तिथल्या उथळ पाण्यातल्या मुशीच्या पिल्लांवर संशोधकांनी खुणेची यंत्रं बसवली होती. गॅब्रिएल वादळ जवळ आलं, हवेचा दाब उतरू लागला, तशी पिल्लं खोल पाण्याकडे निघून गेली आणि वादळ ओसरल्यावर परतली. आमच्या खाडीतल्या मासळीचं तसंच झालं असेल, असं यावरून सिद्ध होत नाही. पण आता मी हसत नाही.

माणसांना मात्र पंचांग बघूनच सुटावं लागतं. फयान वादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, ऐन हंगामात. होड्या समुद्रात होत्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, हंगाम सरता सरता. होड्या खाडीत शाकारलेल्या होत्या. दोर तुटले, फळ्या फुटल्या, कौलं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पण आमच्या गावचा माणूस दर्यात नव्हता. ही पुण्याई हंगाम सरल्याची.

आणि बांध? काकांच्या दोन खाचरांजवळ गेलेली खांड कुणी बांधलीच नाही. घरटी माणूस मिळायला घरात माणूस हवा. पोरं पेणला, पनवेलला कामाला. आता तिथे तिवरं डोक्यावर गेली आहेत आणि त्यांना कोयता लावायला कायद्याची बंदी आहे. सातबाऱ्यावर अजून भातच आहे. काका तिथे चिंबोऱ्या धरतात. भरपाईच्या अर्जात पीक कोणतं लिहायचं, यावरून बापलेकांची बोलाचाली अजून संपलेली नाही.