मार्ग-पुनर्वितरण : दोषशोध

एका राउटिंग प्रोटोकॉलने शिकलेले मार्ग सीमेवरच्या राउटरने दुसऱ्या प्रोटोकॉलच्या हवाली करणे, म्हणजे मार्ग-पुनर्वितरण. रिप टप्पे मोजतो, ओएसपीएफ बँडविड्थवरून खर्च काढतो. हद्द ओलांडताना हे माप गळून पडते आणि बहुतेक बिघाड तिथेच होतात. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजत, तेव्हा पुलावर ‘एक नंबर’ म्हटले की ‘कुठला?’ हा प्रश्न ठरलेला. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. राउटरला मात्र असा प्रश्न पडत नाही.

आधी पाहावे, मार्ग सीमेवरच्या राउटरच्या टेबलमध्ये मूळ प्रोटोकॉलच्या नावावर आहे का. नसेल तर तो सहसा पलीकडे जात नाही. मग मेट्रिक. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफचे मार्ग रिपमध्ये टाकताना ते दिले नाही, तर अनंत धरले जाते (रिपला १६ म्हणजेच अनंत). उलट दिशेला ओएसपीएफ स्वतःहून २० देतो; पण सिस्कोच्या जुन्या आयओएस प्रणालीवर ‘सबनेट्स’ लिहायचे राहिले, तर सबनेट गाळले जातात.

खरा छळ दोन सीमा-राउटर दुतर्फा पुनर्वितरण करतात तेव्हा. पहिला राउटर रिपचा मार्ग ओएसपीएफला देतो. दुसऱ्याला तोच मार्ग दोन्हीकडून कळतो. सिस्कोवर ओएसपीएफचा विश्वासक्रम ११०, रिपचा १२०, आणि लहान आकडा जिंकतो. म्हणून रिपचा सरळ रस्ता सोडून तो वळसा घेतो, वर तोच मार्ग रिपला परत विकतो. मूळ नेटवर्क बंद पडले तरी दोघे एकमेकांच्या भरवशावर ते जिवंत ठेवू शकतात. ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसतात, टेबलमध्ये मार्गाचे वय सारखे शून्यावर येते. अशा वेळी आकड्यांशी खेळण्यापेक्षा टॅग बरा: पहिल्याने हद्दीवर टॅग लावावा, दुसऱ्याने तो दिसताच मार्ग अडवावा, आणि हेच उलट दिशेलाही. रिपच्या पहिल्या आवृत्तीत टॅगची सोयच नाही. तिथे पत्त्यांची यादी करून गाळावे लागते.

इंटरनेटवरची नेटवर्के एकमेकांशी जोडणाऱ्या बीजीपी या प्रोटोकॉलच्या हद्दीवर चुकीची किंमत जगभर मोजावी लागते. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या ‘एएस ७००७’ या नेटवर्कने इंटरनेटच्या मार्गांचे बारीक तुकडे करून ते स्वतःचे म्हणून जाहीर केले. बारीक पत्ता नेहमी जिंकतो, त्यामुळे जगभरची रहदारी तिकडे वळली.